डोंग्यातली वाडी

माघ वद्य द्वितीया, शके १७८५

डांगराचं आळं खोदत होती, तर फावडं खण्णकन लाकडावर बसलं. पुरात वाहून आलेलं झाड असन म्हणून शिव्या देत वाळू ओढली, अन निंघाला डोंगा! अख्खा डोंगा. एका कुशीवर कललेला, पोटात वाळू भरलेली, लग्नात जेवून आडवा झालेल्या व्याह्यासारखा.

मी आत जाऊन बसली. अशी ऐट वाटली का नवरी होऊन दमणीत बसली तवाही वाटली नव्हती. चाळिशी उलटली, मालक जाऊन लय वर्सं झाली, अन मी एकटी वाळूत बसून हसून राहिली. शेजारच्या वाडीतून वच्छला ओरडली, "काय वो माणिकबाई, भूत लागलं का?"

म्हणलं, "ये, तुलेही लागू दे."

मंग दोघी बसून हसलो.

पूर्णा दिवाळीनंतर आटते. मंग आमी माळी लोक पात्रातल्या वाळूत वाड्या लावतो. डांगर, टरबूज, काकडी. ज्येष्ठात पूर आला का वाडी गेली, पुढच्या साली वाळू नवी. हा डोंगाही गेल्या भादव्याच्या पुरात कोणाचा तरी सुटून आला असन. असन ज्याचा त्याचा. माह्या वाळूत आला, माहा झाला.

ठरवलं. येत्या पावसाळ्यात मी डोंगा चालवीन. पूर आला का आमची वांगी या तीरावर सडतात अन पलीकडचे लोक भाजीपायी डाळीच्या पाण्यात भाकर बुडवतात. मी नेईन भाजी. पोहता मले येत नाही. डोंग्याले येते, तेवढं पुरे.

रिद्धपूरच्या मठातल्या मावशीनं लहानपणी अक्षरं शिकवली म्हणून हे लिहता येते. जोडाक्षर आलं का लेखणी अडते. अडू दे.

माघ वद्य नवमी

डोंग्यावर पळसाच्या फांद्या टाकून सावली केली. आता आतच बसते. तिथून वाडी दिसते, कोल्हे दिसतात, काकड्या चोरणारे पोट्टेही दिसतात. कापसाच्या गाड्या वाळूतून जातात, गाडीवान थांबून विचारतात, "डोंग्यातल्या बाई, डांगर कवा पिकन?" गावात दुसरी गोष्ट नाही, निरा कापूस. लोकाइले पैशाचं निरा येड लागलं. आमच्या खुशालराव पाटलानं तर गाडीच्या चाकाले चांदीची धाव बसवली. घाटाच्या दगडावर ती अर्धी घासून गेली, आता पोट्टे गाडीमागं खाली पाहत चालतात.

दुपारी एक माणूस आला. वरच्या अंगाच्या गावचा माळी, सहदेव नावाचा. उंच, मिशीत पांढरं. काठावर थांबला अन हरवलेलं ढोर सापडल्यावानी डोंग्याकडं पाहून राहिला. मंग माह्याकडं पाहिलं. मी आत बसून भाकर-ठेचा खात होती. त्यानं बोलाले तोंड उघडलं अन मिटलं.

"काय पाह्यजे, भाऊ?"

"काही नाही. डांगराचं बी आहे का, पाहाले आलो."

"बी पेरून झालं. वेल वर आले. डोळे फुटले का?"

"फुटले," म्हणे, अन हसला. बह्याड दिसते.

जाताना म्हणे, "डाव्या अंगाची खालची फळी आंब्याची आहे. तिले जपा. बाकीचा साग आहे, त्याची काळजी नाही."

खालची फळी वाळूत गाडलेली. याले वरून काय दिसलं? काही माणसाइले शहाणपणा केल्याशिवाय भाकर पचत नाही.

फाल्गुन शुद्ध पंचमी

दवंडी पिटली. अमरावतीच्या साहेबाचा हुकूम निंघाला. नदीत, काठावर, वाळूत पडलेले बेवारस अन मोडके डोंगे आता सरकार पाहीन. कारण असं का गेल्या पुरात एक मोकाट डोंगा वाहत आला अन घाटावरच्या सरकारी डोंग्याचा दोर तोडून गेला. कापसाच्या गाड्या पलीकडंच पडून राहिल्या. कापूस अडला का विलायत अडते म्हणतात.

कारकून महादेवराव लिंबाखाली बसून समजावून सांगत होते. ते देशावरचे, साखर लावून बोलतात. मालक असन त्यानं लिलावाची बोली लागायच्या आत यावं, खूण सांगावी. मालक नसन तर डोंगा सरकारचा. मोडका असन तर फोडून सरपण करा, धड असन तर लिलाव करा. ज्याच्या जागेत पडला त्यानं तोवर राखण करावी. मालक आलाच तर राखणदाराले राजी केल्याशिवाय त्यानं डोंगा हलवू नये. अन पूर आला तवा जो डोंगा पात्रात सुटा दिसन तो जागीच फोडावा, मंग तो कोणाचाही असो.

मी विचारलं, "राखणदारालेच पाह्यजे असन तर?"

"बाई, तशी तरतूद नाही."

"मंग करा ना तरतूद."

"ती साहेब करतात."

"तर साहेबाले सांगा, माणिकबाईनं सांगितलं म्हणून."

सारे हसले. खुशालराव सगळ्यात जोरानं. हसता हसता माह्या वाडीकडं पाहून राहिले होते, ते मले आवडलं नाही.

फाल्गुन शुद्ध दशमी

आज महादेवराव डोंगा पाहाले आले, संग खुशालराव. मी अगोदरच डोंग्याले चिखल फासला, फांद्या मोडून टाकल्या, वर फाटकं घोंगडं. लिलावाले कोण घेईन असा फुटका?

महादेवराव नाकाले उपरणं लावून म्हणाले, "हा तर पार मोडका. सरपणात जाईल."

मी धावली. "मोडका कुठी? निरा सोन्यासारखा आहे! पाहा, साग आहे, ठोकून पाहा!" मीच फावड्यानं ठोकला, मीच चिखल पुसला.

"असं? मग धड म्हणून लिहितो. लिलाव."

"धड कुठी आहे! आतून सडला आहे!"

"मग सरपण."

"बाई," खुशालराव म्हणे, "एक काय ते सांग. मले माह्या कापसाच्या गाठी पलीकडं न्याले पाह्यजे. लिलावात मीच घेतो."

मोडका म्हणलं तर फोडतात, धड म्हणलं तर पाटलाच्या घशात. अशी बुद्धी साहेबाले कोठून सुचते? महादेवरावानं कागदावर काहीच लेहलं नाही. डोकं धरून गेले.

होळी

होळीले लाकडं चोरायची आपल्याकडं रीत. त्याले कोणी चोरी म्हणत नाही. अन गावच्या पोट्ट्याइच्या डोळ्यापुढं एवढा मोठा सुका डोंगा! दिवस कलायच्या आत मी झाडू घेऊन आत बसली.

पाहते तर सहदेवभाऊ काठी घेऊन हजर. एवढ्या लांबून, चालत.

"तुमी काहून आले?"

"माह्या गावात होळी लहान असते," म्हणे.

होळी लहान असते म्हणून कोणी दुसऱ्याच्या वाळूत काठी घेऊन बसते का? पण कामाचा निंघाला. पोट्टे आले, त्यानं त्याइले आपल्या खांद्यावरचं लाकडाचं ओंडकं देऊन टाकलं. ते ओंडकं त्यानं घरूनच आणलं होतं. मंग आमी डोंग्यात बसून पुरणपोळी खाल्ली. माह्या हातची पोळी अर्धी करपलेली. तो म्हणे, बायको वारल्यापासून घरी पोळी होतच नाही, अन अशी पोळी तर कधी खाल्ली नाही. खरंच असन.

मी म्हणलं, "भाऊ, तुमाले हा डोंगा पाह्यजे. मी ओळखलं."

त्याच्या हातातली पोळी वाळूत पडली. म्हणे, "भाऊ नका म्हणू. नुसतं सहदेव म्हणा."

गर्विष्ठ आहे. सगळे भाऊ म्हणवून घेतात, याले चालत नाही.

चैत्र शुद्ध द्वितीया, शके १७८६

सापडलं! काल गुढी उभारता उभारता डोक्यात आलं, अन मी काठी तशीच धरून नाचली. वच्छलेनं पाहिलं, तिले सवय झाली आता.

उभ्या पिकाले हात लावू नये, ही रीत माह्या आजापासून आहे. मोगलाईत होती, इंग्रजीतही आहे. जप्ती असो का मोजणी, पीक उभं आहे तोवर कोणी वेलाले शिवत नाही. मंग डोंग्यातच पीक उभं केलं तर? मंग तो डोंगा कुठी राहिला? मंग ती वाडी झाली!

दिवसभर डोंग्यात शेणखत अन गाळ भरला. सहदेव आला. मी पाट्यावर पाट्या ओतताना त्याचं तोंड असं झालं जसं कोणी त्याच्या देव्हाऱ्यात शेण टाकून राहिलं. "काय झालं?" म्हणलं. "काही नाही," म्हणे, अन उपरणं कमरेले बांधून स्वतः पाट्या उचलू लागला. काकडीचं बीही त्यानंच आणलं. डाव्या अंगाले मात्र हातानं, हळू हळू माती दाबत होता.

चार वेळा पाणी घातलं. डोंग्याचं पोट तहानलेल्या बैलासारखं पेत होतं.

चैत्र वद्य सप्तमी

वेल वर आले. डोंग्याच्या काठावरून खाली लोंबून राहिले. गाडीवान गाडी थांबवून पाहतात. एकानं डोंग्याले नमस्कार केला.

रोज सकाळ-संध्याकाळ घागरीनं पाणी. सहदेव दर बाजाराले या वाटेनं जाते. त्याचा बाजार दुसऱ्या दिशेले आहे हे मले आज ध्यानात आलं. वाट चुकते वाटते. वच्छलेले सांगितलं तर ती पदर तोंडात कोंबून पळाली.

वैशाख शुद्ध तृतीया

महादेवराव आले. डोंग्यात काकडीचं फूल पाहून खाली बसले.

"बाई, हे काय आहे?"

"वाडी."

"मी डोंगा तपासायला आलो आहे."

"डोंगा असन कुठी तरी. शोधा. वाडीले मात्र हात लावू नका, पीक उभं आहे."

संग आलेले खुशालराव लाल झाले. "ही बाई तुमाले बनवून राहिली!"

महादेवरावानं काकडीचं पान उलटून पाहिलं. म्हणाले, "पीक आहे हे तर दिसतंय. पण पीक म्हटलं म्हणजे जमीन आली, अन जमीन म्हटली म्हणजे मोजणी आली." अन खरोखर साखळी आणून त्याइनं डोंगा मोजला! माणूस डोंग्याच्या टोकावर उभा, हातात साखळी, खाली वच्छला वाळूत लोळते हसून हसून. शेवटी अमरावतीले विचारून येतो म्हणाले. मी त्याइले एक काकडी दिली, कवळी होती. खात खात गेले.

सहदेवले हे सांगितलं तर तो असा हसला का डोळ्यातून पाणी आलं. हसताना तो बरा दिसते. हे कायले लेहलं ठाऊक नाही.

वैशाख वद्य एकादशी

साहेबाचं उत्तर आलं. पीक निंघेपर्यंत ती वाडी, पीक निंघालं का तो डोंगा. वाळूतली वाडी पुरापर्यंतची, म्हणून ज्येष्ठाच्या पुनवेनंतर लिलाव. आजूबाजूच्या गावचे दोन डोंगे लिलावात निंघाले म्हणतात. उन्हात पडून फळ्या अशा उघडल्या होत्या का फटीतून पलीकडचा घोडा दिसत होता. सरपणात गेले.

पुनव काय लांब आहे? हा डोंगा गेला तर मी परत वाळूत बसीन, जशी वीस वर्सं बसली. पण आता तसं बसणं जमणार नाही. उंचावर बसाची सवय लागली.

ज्येष्ठ पौर्णिमा

सवाशिणी वडाले सूत गुंडाळून आल्या. वच्छला वाडीत आली, माह्या हातावर वाणातला आंबा ठेवला. म्हणे, "पुढच्या साली तूही येशीन."

"मी विधवा बाई, मी कायले येईन वडापाशी?"

"येशीन," म्हणे, अन काकडी तोडून चावत चावत गेली. हिले ऊन लागलं.

ज्येष्ठ वद्य द्वितीया

माणूस असा असते का! असा असते का!

लिलाव होता. महादेवराव, खुशालराव, अर्धं गाव. शेवटच्या काकड्या मी सकाळीच तोडल्या, नाही तर पाटलानं तोडल्या असत्या. महादेवरावानं विचारलं, "कोणी मालक आहे का? शेवटचं विचारतो." खुशालरावानं बोली कराले तोंड उघडलं.

"आहे," मागून आवाज आला. सहदेव! म्हणे, "डोंगा माहा आहे. भादव्याच्या पुरात खुंटा उपटून सुटला. खूण पाहा, डाव्या अंगाची खालची फळी आंब्याची. साग भेटला नाही म्हणून मीच बसवली."

खत बाजूले करून पाहिलं. आंब्याची.

पाटील पाय आपटत गेला. मले वाटलं वाळू मले गिळते. चार महिने! चार महिने माह्या पोळ्या खाल्ल्या, माह्या हातानं खत भरलं, अन डोंगा याचा! मी म्हणलं, "लबाड! डोंग्यापायी येत होता तर पह्यल्या दिशीच काहून नाही सांगितलं?"

म्हणे, "सांगालेच आलो होतो. तुमी आत बसून भाकर खात होत्या. डोंगा मागितला असता तर तुमाले उठवा लागलं असतं."

"अन आज मागितला?"

"आज नसता मागितला तर पाटलानं उठवलं असतं."

मी महादेवरावाकडं वळली. मी म्हणलं, "महादेवराव, तुमच्या हुकुमात आहे ना, राखणदार राजी पाह्यजे? मी राजी नाही."

महादेवराव म्हणाले, "त्यांच्याकडून काय हवं ते सांगा. मजुरी? धान्य?"

"काहीच नको. मी राजी नाही म्हणजे नाही."

"मग डोंगा हलणार नाही," महादेवराव म्हणाले. "आणि पूर आला की फोडावा लागेल. दोघं मिळून ठरवा बुवा."

सहदेव तथीच उभा होता. मी काकड्याची पाटी त्याच्या पायावर टाकून घरी आली.

ज्येष्ठ वद्य तृतीया

आज लिहत नाही. राग आहे.

ज्येष्ठ वद्य चतुर्थी

राग शोधला, सापडला नाही. सकाळी होता.

वच्छलेले विचारलं, "तो डोंग्यापायी येत होता ना?" वच्छला म्हणे, "माणिकबाई, डोंगा पाह्यजे असता तर त्यानं तुह्याच्यानं त्यात शेण भरू दिलं असतं का?"

हे मी विचारात घेतलं नव्हतं.

ज्येष्ठ वद्य षष्ठी

लुगडं अजून ओलं आहे, पण लिहते.

सकाळी चिखलदऱ्याकडून आलेल्या गाडीवानानं ओरडून सांगितलं, डोंगरात लय झोडपलं, पाणी येऊन राहिलं. आमच्याकडं थेंब नाही, ऊन कडक, अन तरी पात्रात बारीक पाण्याची धार रेती चाटत सरकत होती. मी धावली. सहदेव अगोदरच डोंग्यापाशी होता. पण डोंग्याले हात लावला नव्हता. काठावर उभा, मागं धरलेल्या हातात घरून आणलेलं वल्हं. राखणदार राजी नाही ना!

वर लिंबाखाली महादेवराव कुऱ्हाडीवाले दोन माणसं घेऊन उभे.

"काय पाहून राहिले?" मी म्हणलं. "उपसा खत!"

"तुमी राजी आहात का?"

"अगोदर खत!"

दोघांनी मिळून उपसलं. वेल, गाळ, शेणखत, सगळं. तळ दिसला अन सहदेव गुडघ्यावर बसला. फळ्याइवर हात फिरवून राहिला. एक भेग नव्हती. सारा उन्हाळा मी काकड्याइले पाणी घातलं, ते पेऊन लाकूड फुगलं, सांधे असे बसले होते का नख जाईना. उन्हात नुसता पडला असता तर घोडा दिसला असता यातूनही.

"तुमी वाचवला," म्हणे.

"काकडीनं वाचवला. मी तर पाटलापायी लावली होती." मंग मी म्हणलं, एका दमात, नाही तर जमलं नसतं, "ऐका. डोंगा तुमचा. तो माह्या घाटाले बांधलेला राहीन. अन जिथी डोंगा तिथी मालक. आपल्या माळ्यात विधवेचा पाट लागते. आखाड लागायच्या आत लावा. नाही जमत तर न्या तुमचं लाकूड."

त्यानं मान खाली घातली. मले वाटलं, गेलं. पाहते तर मिशी थरथरून राहिली.

"बह्याडासारखे उभे काय? पाणी आलं!"

"बसा ना आत," म्हणे, "मी ढकलतो."

मी बसली. पाणी आलं ते मातकट, फेसाळ, काड्या-कुड्या घेऊन. डोंगा आधी कण्हला. मंग त्याची कूस सुटली. मंग असा सरळ झाला का माह्या खालची जमीनच गेली! वीस वर्सं मी ही नदी पाहिली, तिच्यावर एकदाही बसली नव्हती. सहदेव उडी मारून आत आला, वल्हं धरलं. वरून महादेवराव कागद हातात धरून काठानं धावत, "बाई! राजी आहात का? मला लिहायचं आहे!"

"लिहा! राजी! लय राजी!"

तवाच डोंगा गरकन फिरला. मी दोन्ही हातानं काठ धरला, डोळे मिटले अन सगळ्या गावाले ऐकू जाईन अशी बोंबलली, "सहदेव, धर मले!"

भाऊ म्हणाचं राहूनच गेलं.

तो एवढा हसला का वल्हं हातातून सुटलं, अन साहेबानं ज्या मोकाट डोंग्यापायी हुकूम काढला होता तसाच आमचा डोंगा सरकारी दोराकडं निंघाला. दोर वाचला. सहदेवनं तो हातानंच धरला अन आमाले काठाले ओढलं. महादेवरावाची पगडी मात्र धावता धावता नदीत गेली. उद्या आमी तीच शोधाले जाणार आहोत, डोंग्यानं.